शकुनबाईचा नांगर

"शकुन, पाय ना वं तुया नवऱ्याले! आमाले नाही जमत असी लाज," शेजारची जनाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

आंधळगावजवळच्या त्या खेड्यात दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली होती आणि भरदुपारी दंडार, गड्यांनीच बायका होऊन करायचा नाचगाण्याचा खेळ, रंगली होती. ढोलकीच्या तालावर शकुनचा नवरा टेकचंद राणी होऊन आला. अंगावर बायकोचंच लग्नातलं हिरवं लुगडं. दोन बोटांनी पदर ओढत त्यानं मान खाली घातली, तशा म्हाताऱ्यांच्या बिड्या हातातच विझल्या.

शकुन हसली नाही. नऊ वर्षांच्या संसारात तिच्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. सासू उठताबसता म्हणे, "बाईसारखी चाल जरा. टेकचंद पाय, माणूस असून कसा चालते!" दुसरी कोणी असती तर शकुननं तिच्या झिंज्या धरल्या असत्या. पण ही सवत नवऱ्याच्याच अंगात राहत होती.

खेळ संपला. गावातले वजनदार श्यामराव पाटील उठले. त्यांनी टेकचंदच्या हाती नारळ दिला, खांद्यावर शेला घातला. "हे आमच्या गावची लक्ष्मी!" टाळ्या थांबेनात.

शकुन श्यामरावांकडे पाहत राहिली. चारच महिन्यांपूर्वी, आषाढात, टेकचंद टायफाइडनं खाटेवर होता. रोवणीसाठी टाकलेली धानाची रोपं पिवळी पडू लागली, चिखलणीला गडी मिळेना. शेवटी तिनंच पदर खोचला आणि बैल जुंपले. दिवसभरात घरामागच्या दोन बांध्या, धानाची खाचरं, नांगरून काढल्या. संध्याकाळी हेच श्यामराव दारात. "बाईनं नांगर धरला त पाणी रुसते." दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर, सगळ्या गावासमोर, तिला नाक घासावं लागलं. पाणी रुसलं नाही, पाऊस पुरेसा झाला. धान चांगलं आलं. पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

शाळेच्या पडवीत टेकचंद खोबरेल लावून तोंडाचा रंग पुसत होता. शकुन समोर जाऊन उभी राहिली.

"तू बाई झाला त नारळ. मी नांगर धरला त नाक घासाले लावलं. काहून?"

"हळू बोल ना वं. लोकं आयकून राहिले."

"आयकू दे. तवा तू बी चूपच होता."

टेकचंदचा हात थांबला. अर्ध्या तोंडावर पावडर तशीच होती.

"मायं खोटं असते," तो म्हणाला. "मी लुगडं सोडतो न् घरी येतो. म्हणून टाळ्या. तुयं खरं होतं. लोकाईले भेव वाटलं."

"न् तुले?"

"मी खाटेवर पडून तुया आवाज आयकत होतो. बैल माया हाकेवर कधी असे चालले नाही. मले जळजळ झाली, शकुन. म्हणून चूप रायलो."

त्यालाही जळता येतं, हे शकुनला ठाऊक नव्हतं. तिनं पडलेलं लुगडं उचललं, घडी घातली आणि घरची वाट धरली.

पुढच्या आषाढात टेकचंद तिला तलावाच्या पाळीमागच्या बांधीत घेऊन गेला. गाव तिथून दिसत नव्हतं. बैल जुंपून त्यानं नांगराची मूठ तिच्या हाती दिली. "धर," एवढंच म्हणाला आणि स्वतः बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून, कोणी येतं का म्हणून रस्त्यावर नजर ठेवू लागला.

तिचे तीन फेरे झाले. तेवढ्यात वरठीच्या कारखान्यातून सुटलेला एक कामगार सायकलवरून येताना दिसला.

"शकुन!" टेकचंद दबक्या आवाजात म्हणाला.

ती बाजूला झाली. डोक्यावर पदर घेतला. टेकचंदनं धावत येऊन नांगर धरला.

"राम राम टेकचंदभाऊ! जोरात चिखल करून राहिले!"

"राम राम," टेकचंद म्हणाला.

शकुनच्या हातांवर कोपरापर्यंत चिखल उडाला होता. टेकचंदचे हात कोरडे होते. सायकलवाल्यानं ते पाहिलं नाही. तो घंटी वाजवत निघून गेला.