पिकलं नाही हो, रंगच तो!

मी सलूनच्या काचेजवळच्या कुंडीतला रबराचा वड, म्हणजे तुमचा रबर प्लांट, बोलतोय. वड, पिंपळ, उंबर ही आमची भावकी. ते उन्हातान्हात उभे, आणि मी पंख्याखाली. माझ्या हिरव्या पानांना सायीच्या रंगाची किनार आहे, जन्मापासूनच. आजार कसलाही नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या किनारीपायीच माझ्या जिवावर बेतलं होतं.

मला विकत आणलं ते सलूनवाल्या दादांच्या मुलीनं. तिची बदली झाली तेव्हा मला वडिलांच्या हवाली करून गेली. माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी द्यायचं आणि पानं पुसत राहायचं, एवढं बजावलं. रंगाचं सांगायचं मात्र राहून गेलं.

दादांनी जीव लावला, खोटं कशाला बोलू? गिऱ्हाईक नसलं की ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचे. 'जन्मात कुणाच्या तोंडाला पानं पुसली नाहीत, आता पानंच पुसत बसलोय,' असं म्हणून स्वतःच हसायचे.

पण दिवसभर लोकांचे पांढरे केस काळे करणारा माणूस तो! माझी किनार बघून ते हळहळले. एवढ्या लहान वयात पिकलं? मग जास्त पांढरं पान दिसलं की खुडलंच, पिकला केस उपटावा तसं. अहो, मला बोलता येत असतं तर!

त्यातच माझ्या बुडाशी एक अख्खी हिरवी फांदी फुटली. भलतीच दांडगी. अशी फांदी भराभर वाढते, सगळं बळ स्वतःकडे ओढते आणि किनारवाल्या पानांना उपाशी मारते. थोड्याच दिवसांत माझा रंग कायमचा गेला असता. दादा मात्र खूश. येईल त्याला दाखवायचे, झाड पुन्हा तरुण झालं म्हणून. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेत होतो.

शेवटी त्यांनी मोठ्या कौतुकानं फोनवर मुलीला दाखवलं. तिनं फोन त्या फांदीजवळ न्यायला लावला. मग म्हणाली, "बाबा, पिकलं नाहीये ते. पांढरा हाच त्याचा रंग. ती हिरवी फांदी कापा, नाहीतर माझं झाड हातचं जाईल."

दादा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. 'पोरीची ठेव मीच घालवत होतो,' म्हणाले. उभा जन्म कात्री चालवण्यात गेलेला, पण त्या दिवशी कात्री दोनदा पुसून मगच चालवली. फांदी पडली आणि पांढरा चीक भळाभळा वाहायला लागला. दादा घाबरले. दाढी करताना कापलं की करतात तेच त्यांनी केलं, जखमेवर तुरटी दाबून धरली. झोंबली हो! पण अंगावरचं ओझं उतरलं होतं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

मग शेंड्याला लालसर कोंब आला, घट्ट मिटलेला. आतून काय निघणार, हिरवं की पांढरं, या काळजीनं दादांचा चहा गार व्हायचा. तुमच्याकडे माझ्यासारखं कोणी असेल तर एक विनवणी आहे. उजेड भरपूर द्या, पाणी बेतानं द्या, आणि औषधाला धावण्याआधी दुखणं आहे का, ते तरी विचारा.

आज सकाळी कोंब उलगडला. दादा एका गृहस्थांचे केस कापत होते. माझ्याकडे नजर गेली आणि कंगवा त्यांच्या केसांत तसाच ठेवून त्यांनी मुलीला फोन लावला.

"पांढरं आलं गं! चांगलं भरपूर पांढरं आलंय!"

खुर्चीतल्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी डोकं चाचपलं.