घुमटीवाल्या साहेबाचा नवस

मार्गशीर्षातली सकाळ. निमटेकच्या माळावर धुकं, धुक्यात ऊन, उन्हात पुन्हा धुकं. केशरधूसर, दंवओला प्रकाश गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीवर उतरला होता. आणि आपण नेमके कुठे उतरलो, हे त्यालाही उमगलेलं दिसत नव्हतं.

छावणी उठून कितीतरी काळ लोटला. घोडे गेले, बिगुल गेले, साहेब गेले; जे गेले नाहीत ते इथे निजले. शेवाळश्यामल शिळा, भग्न क्रूस, पंख तुटलेले देवदूत. आणि मधोमध, चिरेबंदी चौथऱ्यावर, चार चार खांबांनी तोललेले दोन शुभ्रधवल घुमट. निमटेकमध्ये एवढं दिमाखदार घर जिवंत माणसांपैकी कुणाचंच नव्हतं.

दोन घुमट! हौसा फाटकातच थबकली. कडेवर सहा महिन्यांचा सोपान, पिशवीत नारळ, विड्यांचं बंडल आणि तळहाताएवढा रंगीत लाकडी पाळणा. नवस फेडायला आली होती बिचारी; आणि नवस ज्याला बोलली, त्या एकाचे दोन झाले होते.

गेल्या वर्षीच्या श्रावणात इथे नुसती हिरवाई होती. घाणेरीचं रान, वेलींची जाळी, आणि जाळीतून डोकावणारा एकच घुमट. घुमटीवाला साहेब म्हणजे गावच्या सुनांचं हक्काचं दैवत. विडी ओढतो, पोर देतो, आणि फेडलं नाही तर राग धरतो, अशी त्याची ख्याती. अडला हरी गाढवाचे पाय धरतो. हौसाने तर निदान साहेबाचे धरले होते. वेलीत हात घालून, ओल्या दगडावर कपाळ टेकून ती म्हणाली होती, पोर दे, पाळणा बांधीन. यंदा दिवाळीआधी सफाई झाली, रान तोडलं, चुना लागला, आणि हे असं होऊन बसलं.

पोर झालं, पण त्याच्या अंगी दूध लागेना. प्यायचं, ओकायचं, मनगटं काडीसारखी. काल तिन्हीसांजेला सासूबाई म्हणाल्या, "नवस अडलाय. साहेब पोर म्हागारी मागंल." त्या एका वाक्याने हौसाची झोप उडाली होती.

ती या घुमटापाशी गेली, त्या घुमटापाशी गेली. हा की तो? तो की हा? चुकीच्याला फेडलं तर खरा कोपेल. दोघांना अर्धं अर्धं दिलं तर दोघंही रुसतील. धुकं यायचं नि एक घुमट पुसायचं. धुकं सरायचं नि दुसरा समोर यायचा. तिला रडू फुटायची वेळ आली.

"काय शोधतेस गं?"

सलोमीबाई होत्या. मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. मागच्या नव्या ओळीत निजलेल्या नवऱ्याला शेवंतीची फुलं वाहून परतत होत्या.

"साहेब शोधतिया, बाई. येक व्हता, दोन झालं. माझा कंचा, त्येच कळंना."

सलोमीबाई हसल्या नाहीत. पदराने चष्मा पुसून त्यांनी आधी डावीकडची अक्षरं वाचली. "हा कर्नल. म्हातारपणी तापाने गेला." मग उजवीकडची वाचली. "ही हॅरिएट. वय वर्षं एकोणीस. बाळंतपणात गेली. बाळही तिच्याजवळच आहे. त्याला नाव नाही."

"म्हंजी बाईमाणूस?"

"पोरगीच म्हण की. तुझ्याएवढी."

तेव्हा हौसाच्या बोटांना काहीतरी आठवलं. श्रावणात कपाळ टेकताना, वेलीआड, बोटांना एक छोटा गोल उंचवटा लागला होता. साहेबाच्या कोटाचं बटण असावं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. ती कर्नलच्या दगडाशी गेली. दगड गुळगुळीत. ती हॅरिएटच्या दगडाशी आली, चुन्यावरून हात फिरवला, आणि हात थांबला. बटण नव्हतं ते. देठ मोडलेली कळी होती, मिटलेली, दगडाची.

"लहान मूल गेलं की अशी कळी कोरायचे," सलोमीबाई म्हणाल्या.

एकोणीस वर्षांच्या ओल्या बाळंतिणीला आपण विड्या आणल्या! हौसाला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडली. जिला स्वतःचं राखता आलं नाही, तिने मला दिलं? का दिलं? की दिलं नाहीच, नुसतं ऐकून घेतलं? आणि आता तिची कूस जागी झाली तर? तिलाच सोपान हवा असला तर? उपकार मानावे की पाठ फिरवून पळावं, तिला काही म्हणजे काही समजेना. साहेबाची भीती परवडली. या पोरीची भीती तिला सोसवेना. घाईघाईने पाळणा पायरीवर ठेवून ती निघालीच.

पण सोपान रडू लागला, कोरड्या, भुकेल्या, चिरक्या आवाजात.

"उपाशी नेऊ नकोस त्याला या थंडीत. पाज आधी," सलोमीबाई म्हणाल्या. "आणि उद्या दवाखान्यात चल. मी येते सोबत."

हौसा पायरीवर टेकली, दगडाकडे पाठ करून. दृष्ट लागू नये म्हणून तिने पदर पुरता ओढून घेतला, बाळाचा तळपायसुद्धा बाहेर राहू दिला नाही. पदराच्या आत चुटुचुटु घोट. पाठीमागे केवढी ती शांतता, केवढी जुनी, केवढी रिकाम्या ओंजळीची शांतता. हौसाला पान्हा फुटला, आणि पान्ह्याबरोबर कळवळा. या पोरीला एकदाही पाजायला मिळालं नव्हतं.

ती हळूच वळून बसली, दगडाकडे तोंड करून. तिने पदर बाजूला केला.

"बघ, बाई," ती म्हणाली. "ह्यो सोपान. पोटभर बघ. पर न्हेऊ नगंस."

सोपानने क्षणभर तोंड सोडलं, त्या पांढऱ्या दगडाकडे टक लावून पाहिलं, आणि पुन्हा पिऊ लागला. सावकाश, सावकाश, घोटामागून घोट.