चंद्राची माती चाळलेली चाळणी

मी एक जुनी चाळणी आहे, मित्रांनो, आणि मी चंद्राची माती चाळली आहे. हसू नका! माती कॉलेजात बनवलेली होती, पण मेहनत खरी होती.

मेकनेस शहराच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने लाकडाची पट्टी वाकवून माझे कडे केले आणि त्यावर बारीक जाळी ताणून बसवली. फाद्मा नावाच्या नव्या नवरीने मला घरी नेले. दर शुक्रवारी तिच्याकडे जेवायला कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले दाणे, असत. रव्यावर पाणी शिंपडून ती तळव्याने दाणे वळायची आणि मग मला हाती घ्यायची. दाणे माझ्यावर राहत, बारीक पीठ खाली परातीत पडे. पाहुणे बोटे चाटत, आणि खिळ्याला लटकलेली मी मनातल्या मनात फुशारून जाई.

पुढे फाद्माची लेक इत्तो इंजिनिअरिंगला गेली. चंद्रावर चालणाऱ्या गाडीसाठी तिने दोन वर्षे खपून एक चाक बनवले. ते चालवून बघायला चंद्रासारखी माती हवी, म्हणून काळा दगड दळला. आता चाळायचा कशाने? एका सकाळी इत्तोने मला पिशवीत घातले. आईला विचारले नाही, हे सांगायला मला अजून लाज वाटते.

दगडाची धूळ सगळ्यांच्या नाकातोंडात जाई. म्हणून इत्तो आणि तिचा जोडीदार अय्यूब मला हलवून धूळ खाली पाडत आणि बाहेर नेऊन फेकत. वरची स्वच्छ रेती पेटीत भरत. तिच्यात चाक दिवसभर मजेत फिरे. पण वाळवंटाकडच्या पठारावर नेले की अर्ध्या तासात जाम! दोनदा असेच झाले. प्राध्यापकांनी स्पष्ट सांगितले, "तिसरी चाचणी शेवटची. मग आपण विकतचं चाक लावू." इत्तोचा चेहरा एवढासा झाला.

त्याच आठवड्यात फाद्मा थेट प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली.

"तीन शुक्रवार शेजारणीच्या दारात चाळणी मागतेय मी! आणि माझी इथं? ही कसली राख फासलीय हिला?"

"आई, चंद्राची माती आहे ती," इत्तो पुटपुटली.

"घरी जेवायला वेळेवर येत नाहीस, आणि निघाली चंद्रावर!"

अय्यूब खाली मान घालून हसला. फाद्मा त्याच्याकडे वळली. "हसतोस काय? खाली पडलेलं बारीक कुठं ठेवलंत?"

"फेकलं, मावशी. धूळच ती."

फाद्माने कपाळावर हात मारला. "अगं इत्तो, हेच शिकवलं का मी तुला? बारीक कुणी फेकतं? ते परत परातीत घालायचं, पाणी शिंपडून पुन्हा वळायचं. निम्मा कुसकुस त्यातच असतो!"

इत्तो एकदम ओरडली, "अय्यूब, पठारावरची धूळ कोण चाळून ठेवतंय? आणि चंद्रावरची?"

दोघांनी नवा दगड दळला आणि धुळीसकट पेटीत ओतला. वीस मिनिटांत चाक पठारावरच्यासारखेच जाम झाले, आणि दोघे टाळ्या पिटत नाचू लागले!

"बंद पडलं म्हणून नाचणारी माणसं आजच बघितली," फाद्मा म्हणाली.

चाक उघडले, तर आसाच्या फटीत पिठासारखी धूळ बसलेली. इत्तोने ती फट लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याने बंद केली. तिसऱ्या चाचणीत चाक सूर्य मावळेपर्यंत फिरले. इत्तोने पहिला फोन आईला केला, आणि पलीकडून आनंदाचा लांबलचक गजर ऐकू आला.

मला मात्र फाद्माने परत नेले नाही. "हिच्यात आता जेवण नको," म्हणून तिने नवी चाळणी घेतली. मला वाईट वाटले, का नाही वाटणार? काही दिवस मी कोपऱ्यात धूळ खात पडले. मग इत्तोने माझी सैल जाळी ताणून घेतली आणि मला प्रयोगशाळेतच खिळ्यावर मानाने टांगले. नवी मुले आली की ती मला त्यांच्या हाती देते आणि खाली आधी परात ठेवायला लावते.

शुक्रवारी फाद्मा सगळ्यांसाठी कुसकुस आणते. जाताना ओढणीने माझे कडे पुसते आणि विचारते, "काय गं, पोचलीस का चंद्रावर?"

मित्रांनो, जुन्या वस्तूची जाळी सैल झाली तर ताणून घ्या, फेकू नका. खाली पडलेल्यालाही एकदा नीट बघा. आणि आईची वस्तू न्यायची असेल, तर आधी विचारा. चुकलेले शुक्रवार आया मोजून ठेवतात.