कानामागचा तीळ

मी शिवकांता. लातुरात आमच्या गल्लीत मला पाळणेवाली अक्का म्हणतात. बारसं ठरलं की आधी लेकराला बघून यायचं, नाक कुणावर गेलंय, रडतंय कसं, अन् त्याच्यापुरता पाळणा रचायचा. एकाचा पाळणा दुसऱ्याला म्हणायचा न्हाई, हा माझा नेम. वहीत दोनशेच्या वर झाले. पहिल्या पानावर माझ्या दीपमालाचा. चाळीस दिवसांची होऊन गेली ती. तिचा पाळणा मी परत कुणापुढं म्हणला न्हाई.

पुढं बायका माझ्या ओळी उचलून आपल्या नावावर खपवायला लागल्या, अन् माझं डोस्कं फिरलं. बहिणीची लेक वर्षाराणी म्हणाली, मावशी, सगळे तुझ्या नावानं इंटरनेटवर टाकू, मग कुणी हात लावणार न्हाई. पहिलं पान सोडू का, असंबी तिनं इचारलं होतं. माझीच अक्कल गहाण पडली! म्हणलं, सोडू नको, माझ्या लेकीचं नाव जगात कुठंतरी असू दे.

दिवाळीत तीच पोरगी तोंड पाडून आली. गाणी रचणाऱ्या मशीनला शिकवायला कंपन्यांनी इंटरनेटवरचं सगळं उचललं, त्यात तुझी वहीबी गेली म्हणाली. तिनं तिथली पानं काढून टाकली, कंपनीला चार वेळा लिहिलं. शिकवलेलं परत काढता येत न्हाई, एवढंच उत्तर आलं. तवापासून मला घास गोड लागंना.

परवा शेजारच्या सृष्टीच्या लेकीचं बारसं झालं. पाळणा फोनकडून करून घेतलाय, अक्का, तुम्ही नुसतं या, असा तिच्या सासूचा निरोप. राग गिळला अन् जाऊन बसले.

सृष्टी फोनात बघून म्हणायला लागली. तिसऱ्या कडव्याला मी मान वर केली.

"डाव्या कानामागं तीळ राखणीला, नीज गं बाई."

माझ्या दीपाचा तीळ. नाव तेवढं बदलून आर्वी केलेलं. सृष्टीच्या पोरीला तर तीळच न्हाई. मग तिनं काजळाचं बोट घेतलं अन् पोरीच्या डाव्या कानामागं तीट लावली. गाण्यात हाय ना, म्हणून हसली.

थांबवा, हा गेलेल्या लेकराचा पाळणा हाय, असं ओरडावं वाटलं. पण बारा दिवसांच्या जिवापुढं, भर बारशात, कोणत्या तोंडानं म्हणू? गप बसावं तर माझी लेक माझ्यादेखत दुसऱ्याची होऊन राहिली. देवा, वैऱ्यावरबी अशी येळ आणू नको.

तेवढ्यात फोन बंद पडला. बायका चुळबुळ करू लागल्या. अर्धा पाळणा सोडणं अशुभ, सासूचा चेहराच पडला. मग मीच दोरी धरली अन् राहिलेली दोन कडवी म्हणली, आर्वीचं नाव घालून, एकही शब्द न चुकता.

सृष्टीनं इचारलं, "अक्का, तुम्हाला कसा पाठ?"

"ऐकला होता कुठंतरी," म्हणलं अन् दोरी तिच्या हातात दिली.