मोकळी सोडलेली ओळ

आई लंकाबाई चैत्रात तापानं गेली आणि मोहिनी मंचरचं कॉलेज सोडून तळेघरला घरी आली, ती चुलीपुढंच बसली. इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी पोर. तिचा बाप भिका म्हणायचा, "माझी भाकरी मी थापीन, तू जा."

"तुमची भाकरी कुत्रं बी खायचं न्हाई, बाबा."

दोघं हसायची आणि मोहिनी पुन्हा पीठ मळायला घ्यायची.

आषाढात तिच्या सरांचा निरोप आला. सोमवारी वर्गात एका कवितेवर बोलायचं होतं. या वेळी गेली नाही तर ती कायमची चुलीपाशी अडकली, एवढं भिकाला कळत होतं. तिच्या आईनं तिला त्यासाठी शिकवलं नव्हतं.

शनिवारी भिकाच्या खाचरात पडकई होती. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, अशी साऱ्यांनी मिळून करायची भातलावणी. भिका बैलांनी चिखल करत होता. दुपारी बांधावर बसल्यावर त्यानं विचारलं, "काय हाय गं त्या कवितेत?"

मोहिनीनं ओच्यातून झेरॉक्स काढली. "व्हिक्टोरिया राणीच्या काळातली हाय. लढाईची. गोठलेल्या नदीवरनं शिपाई चाललेत. दर कडव्यात तीन ओळी कप्तान बोलतो, चौथीत शिपाई जबाब देतात. पुढं पुढं शब्द बारके व्हत जातात, दम लागल्यासारखे."

"मग अडलं कुठं?"

"शेवटच्या कडव्यात तीनच ओळी हायत. मला वाटलं झेरॉक्समधी तुटली. मैत्रिणीला फोन केला, तिच्याकडं बी तीनच. सर म्हणतात, का ते सांग."

"तूच घाल की एक. त्याला काय हुतंय?"

"अशी घालता येत न्हाई, बाबा."

भागूनं हाक मारली. ती लंकाबाईची शेजारीण, लावणीत गाण्याची ओळ देणारी. ती द्यायची आणि लंकाबाई जबाबाची ओळ म्हणून ती झेलायची, असं लंका लग्न होऊन आल्यापासून चाललं होतं. यंदा दुसऱ्यांच्या खाचरात भागूनं गाणं काढलंच नव्हतं. पण लंकाच्याच खाचरात गाणं नको, हे तिला पटलं नाही. मोहिनी बायांच्या रांगेत शिरली. भागूनं ओळ दिली:

"पाणी चढलं खाचरी, घोटं बुडालं गं बाई..."

आणि पुढं कोणीच झेललं नाही. जबाबाची ओळ लंकाबाईची होती. बाया खाली बघून रोपं लावत राहिल्या.

भिकाला ते सोसेना. बैलांमागून त्यानंच घोगऱ्या आवाजात ओळ उचलली:

"माझ्या हातातली जुडी, तिला बुडू देणार..."

एक म्हातारी हसली. "भाऊजी, बाप्या माणसानं बायांच्या गाण्यात शिरू नये. बैल बिथरत्याल."

भिकाला मात्र पुढचा शब्द येईना. घोडेगावच्या दवाखान्याकडं जाताना जीपमध्ये लंकानं त्याचा हात धरला होता. वाटेत कधीतरी तो हात सैल झाला आणि त्याला कळलंही नाही. त्यानं कासरा हाताला गुंडाळला. म्हातारीचं हसू जागीच विरलं.

"बाबा, नका म्हणू," मोहिनी म्हणाली. "कोणीच नका म्हणू. ती जागा आईची हाय. मोकळीच राहू द्या."

भागूनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा ओळ दिली. ती संपल्यावर सगळ्या थांबल्या. हात चालत होते, रोपं चिखलात जात होती. एक ओळ म्हणायला लागेल तेवढा वेळ कोणी काही बोललं नाही. मग भागूनं पुढची ओळ घेतली.

मोहिनी चिखल तुडवत भिकाजवळ आली. "कविता झेरॉक्समधी तुटली नव्हती, बाबा. जबाब द्यायला कोणी उरलंच न्हाई, म्हणून कवीनं ओळ लिवली न्हाई. सोमवारी हेच सांगते."

"जाशील मग?"

"उद्याच्या गाडीनं जाते." ती थोडी थांबली. "भाकरीचं काय?"

"भागू दील चार दिस. मग शिकीन मी."

तिनं मान हलवली आणि रांगेत गेली. भिकाला हेच हवं होतं. चैत्रापासून तो हेच मागत होता. पण उद्यापासून त्याच्या भाकरीला नावं ठेवायला घरात कोणी नसणार होतं. त्यानं कासरा ओढला आणि बैलांना हाक द्यायचंच विसरला. बैल जागचे हलले नाहीत.