सतरावं मूल

नव्या वर्षाचा खेळांचा आराखडा करायचा म्हणजे खेळताई आधी चपला घालायच्या. बालवाडीत सगळे त्यांना खेळताईच म्हणत. बावीस वर्षांत खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. पद्धत त्यांची स्वतःची. प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी चक्कर मारायची, ते काय खेळतं ते गुपचूप पाहायचं आणि त्यावरून वर्गातले कोपरे ठरवायचे. कुणी दिवसभर भांडी उपडी करत बसतं, तर पाण्याचा कोपरा मोठा. कुणी बाहुल्यांना झापतं, तर घरकोपऱ्यात दोन बाहुल्या जास्त. खेळता खेळता अक्षरं आपसूक येतात, हे पालकांच्या गळी उतरवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

यंदाचा आराखडा मोठ्या बाईंच्या टेबलावर होता. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वयाने दहा वर्षांनी लहान, पण खुर्ची मोठी.

"ताई, मुलं सोळा आहेत. तुम्ही सतरा धरलीत."

"एक जागा ठेवलीय."

"कुणासाठी?"

खेळताई खिडकीबाहेर बघू लागल्या. मोठ्या बाईंनी पान उलटलं. 'सतरावा. डावखुरा, कात्री तशी आणणे. मोठ्या आवाजाला घाबरतो, डफ इतक्यात नको. वाळूत बोगदे करतो, हौद खिडकीखाली हलवणे.' अख्खा वर्ग त्या एका मुलाभोवती मांडला होता.

"टिल्लू का?" मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

टिल्लू हा खेळताईंचा नातू. साडेतीन वर्षांचा असताना चार महिने याच वर्गात बसला होता. मग मुलाला लांब नोकरी लागली. एका वर्षात परत येतो म्हणून मुलगा-सून त्याला घेऊन गेले. ते वर्ष सरलं, दुसरं सरलं, तिसरंही सरत आलं. यंदा सून फोनवर म्हणाली होती, येण्याचं जवळजवळ ठरलंय. त्या 'जवळजवळ'वर खेळताईंनी वाळूचा हौद हलवला होता.

"येणारेत ते," खेळताई म्हणाल्या. "जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"नाही देत. पण ताई, टिल्लूचं वय काय आता?"

ओठांवर आलेलं 'साडेतीन' खेळताईंनी गिळलं. दर वर्षी त्यांच्यापुढे साडेतीन वर्षांचीच मुलं यायची. जन्मतारखेत महिना कमी पडला तरी त्या परत पाठवायच्या. आता त्यांनी टेबलाखाली बोटं मोजली. सहा पूर्ण होऊन गेली होती. उद्या तो दारात उभा राहिला असता, तरी या वर्गात बसणार नव्हता. मोठ्या शाळेत, पहिलीत गेला असता.

"माझं डोकं म्हणजे अगदी..." म्हणत त्या हसायला गेल्या आणि त्यांना रडू आलं. मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं, पाणी पुढे केलं. सतरावं मूल खेळताईंनी स्वतःच्या हाताने खोडलं.

संध्याकाळी त्यांनी सुनेला फोन लावला.

"आई, यंदाही जमेलसं दिसत नाही हो," सून चाचरत म्हणाली.

"असू दे गं. तो काय करतोय?"

"खेळतोय. देऊ त्याला?"

"नको. फोन नुसता त्याच्याजवळ ठेव."

सून गोंधळली, पण तिने ठेवला. मूल खेळात असताना मध्ये घुसायचं नाही, शेजारी बसायचं, बोलावलं तरच जायचं, असं खेळताई नव्या शिक्षिकांना शिकवत आल्या होत्या. पलीकडे काहीतरी सरकत होतं, हुकूम सुटत होते. कोणाला, कळेना. एक-दोन शब्द तर त्यांनी कधी ऐकलेही नव्हते. कान लावून लावून ऐकलं, तरी नातू काय खेळतोय ते काही त्यांना ओळखता येईना.

"आजी, तू आहेस अजून?"

"आहे."

"मग बोल ना."

"तू खेळ. मी ऐकतेय."

"बरं," म्हणून तो परत खेळात गेला. आजीला तो विसरूनही गेला असेल, त्या वयात विसरायचंच असतं, हे खेळताईंइतकं कुणाला ठाऊक? तरी कान तापेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, खेळायला हाक मारेल म्हणून.