बाटली तुझी, गोट्या माझ्या

बाबांनी जाताना शाईची बाटली धाकटीला दिली आणि पेन थोरलीला. शाईशिवाय पेन म्हणजे नुसती नळी आणि पेनाशिवाय शाई म्हणजे नुसतं काळं पाणी, तेव्हा दोघी झक मारत एकत्र येतील असा त्यांचा अंदाज असावा. शाई उकळण्यात त्या माणसाचा कोणी हात धरला नसता, पण पोटच्या पोरींची त्यांना काडीइतकी पारख नव्हती. दोघी एकत्र आल्या खऱ्या, पण त्यांचं सख्य पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं. ते विमानात बसवलं म्हणून थोडंच बदलणार होतं?

विमानात बसायचं कारण होतं बाबांचं शेवटचं काम. एका मोठ्या ग्रंथालयाच्या दालनासाठी त्यांनी दाराएवढ्या कागदावर हाताने मजकूर लिहून पाठवला होता. तळाशी लिहिणाऱ्याचं नाव तेवढं बाकी होतं. स्वतःचं नाव बाबा काम भिंतीवर चढायच्या दिवशी, तिथेच जाऊन लिहीत. या वेळी तो दिवस यायच्या आत ते गेले. ते नाव त्यांच्याच शाईने लिहायला हवं होतं, कारण ती कागदावर उतरताना फिकट राखाडी असे आणि मग हवा लागून काळीभोर होई. बाजारातल्या शाईने लिहिलं असतं तर नाव उपरं वाटलं असतं. बाबांनी उकळलेली शाई आता या एका बाटलीत उरली होती. मात्र नाव कोणी लिहायचं, ते सांगायचं बाबा विसरले.

धाकटीच्या मते यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. ती जन्मभर बाबांशेजारी त्याच टेबलाशी बसली होती. त्यांचा हात कापायला लागल्यापासून तर अक्षरं ते काढत आणि अक्षरांवरची रेष ती ओढी. त्यांच्याकडे रेष नेहमी शेवटी, अक्षरं सुकल्यावर, एका दमात, पेन न उचलता. "आधी माणूस उभा करावा, मग त्याला टोपी घालावी," असं बाबा म्हणत. थोरली लग्न करून गेली ती नवऱ्याच्या औषधांच्या दुकानात बसली, आणि गोळ्यांच्या पाकिटावर 'सकाळ-संध्याकाळ' लिहिण्यापलीकडे तिने वर्षानुवर्षं काही लिहिलं नव्हतं. पण थोरलीचं म्हणणं असं, की बाबांनी हाताला धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं ते तिच्याकडून. मान थोरलीचा. धाकटी काय, मागाहून आली आणि चिकटून राहिली.

निघायच्या सकाळी सामान भरताना थोरलीने बाटली उजेडात धरून बघितली. धाकटीने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि बाटली मला दिली आहे, तू हात लावायचा नाहीस, असं तोंडावर सांगितलं. थोरली म्हणाली, "बाटली तुझी. पण आतल्या गोट्या माझ्या आहेत. त्या काढून दे."

गोट्यांची गोष्ट खरी होती. बाबांच्या बाटलीला बूच असे, आणि बुचाखाली हवा राहिली की शाई बिघडते, तेव्हा हवा राहू द्यायची नाही असा त्यांचा नेम. म्हणून शाई खाली गेली की ते आत काचेच्या गोट्या सोडत. गोट्या तळाशी बसत, शाई गळ्यापर्यंत चढे. त्या गोट्या लहानपणी थोरलीने खेळात जिंकलेल्या. बाबांनी 'दोन दिवसांसाठी' म्हणून मागून घेतल्या आणि परत केल्याच नाहीत. एवढ्या वर्षांनी तिला आज त्या आठवल्या. धाकटीने त्या वेळी हसण्यावारी नेलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बहिणीपुढे हसेल ती धाकटी कसली. तिने शाई फडक्यातून वाटीत गाळली, गोट्या धुतल्या, पुसल्या, थोरलीच्या हातावर ठेवल्या आणि शाई परत बाटलीत ओतली. ती निम्म्यावर आली. बूच दाबताना तिला बाबांचा नेम आठवला, नाही असं नाही. पण आता गोट्या परत मागायच्या म्हणजे नाक घासण्यासारखंच होतं.

विमानतळावर तपासणीच्या टेबलाशी बाटली अडली. तपासणारी बाई कडक होती. बाटलीवर कसलं लेबल नाही, माप नाही, आत काहीतरी काळं. तिने बूच उघडायला लावलं, वास घेतला आणि लवंगेचा वास कसा काय येतो म्हणून विचारलं. शाईला बुरशी धरू नये म्हणून लवंग घालतात, असं धाकटीने सांगितलं. बाईचा विश्वास बसला नाही. मागे रांग तुंबली. धाकटीने शेजारच्या रांगेतल्या बहिणीकडे बोट दाखवलं, तिला विचारा, आमच्या वडिलांची शाई आहे. बाईने विचारलं. थोरली चपला पायात सरकवत होती.

"माझं काही नाही त्यात," ती म्हणाली आणि पर्स उचलून पुढे चालू लागली.

शेवटी त्या बाईलाच कंटाळा आला. तिने बाटली तोंड दाबून बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत घातली आणि पिशवी विमानातून उतरेपर्यंत उघडायची नाही असं बजावलं. धाकटीला तो अपमान वाटला. बाबांची शाई, आणि दुकानातल्या शांपूसारखी पिशवीत. तिने ती हातातल्या बॅगेत कोंबली. बाटली आडवी झाली आहे हे रागात तिच्या ध्यानात आलं नाही.

जागा शेजारी शेजारी होत्या, कारण तिकिटं ग्रंथालयाने काढली होती आणि ग्रंथालयाला या दोघी ठाऊक नव्हत्या. थोरलीने खिडकी पकडली. खुर्च्यांच्या मधल्या हातावर कोपर कोणाचं, यावरून न बोलता एक लढाई झाली आणि तीही थोरलीने जिंकली. विमान बरंच वर गेल्यावर धाकटीच्या मांडीवरच्या बॅगेत फट् असा आवाज झाला.

उंचावर बाहेरची हवा विरळ होते आणि बंद बाटलीतली हवा फुगते, हे बाबांना कधी कळायची वेळ आली नव्हती, कारण त्यांच्या बाटलीत हवा राहतच नसे. अर्ध्या रिकाम्या बाटलीतल्या हवेने बूच उडवलं होतं. धाकटीने बॅग उघडली. शाई सगळी पिशवीत आली होती आणि पिशवीच्या तोंडातून तिच्या बोटांवर झिरपत होती. तिने दोन्ही हातांनी पिशवी तोंडाशी गच्च धरून उभी केली. शाई आत थांबली. पण आता हात सोडायची सोय नव्हती. आतली बाटली काढून सरळ धरायची, तिच्यात शाई ओतायची, म्हणजे आणखी दोन हात हवे होते. ते शेजारीच होते, स्वच्छ, मांडीवर घडी घालून ठेवलेले.

"ताई, बाटली धर."

थोरलीने पिशवीकडे पाहिलं. तिला घाई नव्हती.

"नाव मी लिहिणार," ती म्हणाली. "तू मध्ये यायचं नाहीस. कबूल?"

शाई धाकटीच्या मनगटापर्यंत आली होती. अशी वेळ साधणारी माणसं असतात हे तिला माहीत होतं, पण ती आपल्याच आईच्या पोटी आली याची तिला शिसारी आली. गोट्या मागताना हे सगळं हिला आधीच ठाऊक होतं, औषधाच्या बाटल्यांत जन्म गेला आहे हिचा, असा संशय तिच्या मनात घुसला तो कधी गेला नाही.

"कबूल," ती म्हणाली.

मग थोरलीने रुमाल गुंडाळून, बोटाला डाग न लागू देता बाटली धरली. थोडी सांडली, बाकीची आत गेली. गोट्या तिच्या पर्समध्येच राहिल्या. उरलेला प्रवासभर धाकटी बुचावर अंगठा दाबून बसली.

दालनात कागद लांब टेबलावर पसरून ठेवला होता. ग्रंथपाल बाई अदबीने बोलत होत्या, पण धाकटीचे हात पाहून त्या तिच्या आणि कागदाच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. शाई धुऊन निघाली नव्हती, उलट हवा लागून काळी पडत चालली होती. त्यांनी तिला पांढरे हातमोजे आणून दिले आणि ते घातल्याशिवाय कागदाजवळ येऊ नका असं सांगितलं.

थोरली खुर्चीवर बसली. पेन भरलं, निब पुसलं आणि लिहायला लागली. धाकटी तिची फजिती बघायला टपून उभी होती, पण अक्षरं बरी उतरली. बरी कसली, चांगली उतरली. लहानपणचं गिरवणं बोटांत कुठेतरी शिल्लक होतं. धाकटीला ते मुळीच आवडलं नाही.

मग अक्षरं सुकली. रेष राहिली. थोरलीने पेन पहिल्या अक्षराच्या डोक्याशी नेलं आणि मागे घेतलं. पुन्हा नेलं, पुन्हा घेतलं. अक्षरं तुटक तुटक निभावता येतात, एका दमाची ती रेष नाही निभावता येत. तिने पेन धाकटीकडे सरकवलं.

"ओढ."

"मध्ये यायचं नाही असं ठरलंय."

"मीच सांगते आहे ना."

"असं नाही," धाकटी म्हणाली. पांढऱ्या मोज्यांतले हात तिने पाठीमागे घेतले. "मला येत नाही, असं म्हण. मग ओढते."

ग्रंथपाल बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. बाहेर लोक जमू लागले होते, भिंतीशी शिडी लावून दोन कामगार थांबले होते. थोरलीचे ओठ हलले, आणि धाकटीला वाटलं, म्हणते आता. एवढं एक वाक्य ऐकलं असतं तर तिने त्या क्षणी बाकी सगळं माफ केलं असतं.

थोरलीने पेनाला टोपण लावलं.

"झालं," ती ग्रंथपाल बाईंना म्हणाली. "बाबा स्वतःच्या नावावर रेष देत नसत. नम्रपणा म्हणून."

ही शुद्ध थाप होती. बाबा आपल्या नावावर सगळ्यांत ठसठशीत रेष देत. ग्रंथपाल बाईंना मात्र ते फार भावलं. त्यांनी खात्री करून घ्यायला धाकटीकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर रेष तिलाच ओढावी लागली असती, आणि थोरलीला ते वाक्य म्हणावं लागलं नसतं.

"हो," धाकटी म्हणाली.

कामगारांनी कागद काचेत घालून भिंतीवर चढवला. परतीच्या विमानात दोघींनी दोन टोकांच्या जागा मागून घेतल्या. बाटली धाकटीच्या कपाटात आहे, पेन आणि गोट्या थोरलीच्या. ग्रंथालयात येणाऱ्यांना ग्रंथपाल बाई आजही तळाचं नाव दाखवतात आणि हा लिहिणारा किती नम्र होता ते सांगतात. जन्मात दोघी बहिणींचं एकदाच एकमत झालं, आणि त्यातच बापाचं नाव कायमचं बोडकं राहिलं.